घर एक, नावं अनेक: सामाईक मालकीबद्दल वाचकांचे प्रश्न

सामाईक घराबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांतल्या अडचणीचं मूळ एकच आहे. दस्तात हिस्सा एक लिहिलेला असतो (किंवा लिहिलेलाच नसतो), पैसे प्रत्यक्षात वेगळ्याच प्रमाणात गेलेले असतात आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नावं तिसऱ्याच क्रमाने असतात. या तिन्ही नोंदी जुळल्या पाहिजेत, आणि त्या जुळवायची वेळ खरेदीच्या आधीची असते.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र पिंपरी-चिंचवडमध्ये 90 लाखांचा टू बीएचके रीसेलमध्ये घेत आहोत. मी 60 टक्के रक्कम देणार, मित्र 40 टक्के. एजंट म्हणतो, दोघांची नावं टाका, बाकीचं आपसात बघून घ्या. एवढं पुरेल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: नाही पुरणार. नुसती दोन नावं टाकली आणि हिस्सा लिहिला नाही, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 45 लागू होतं. त्यानुसार ज्याने जितके पैसे दिले तितका त्याचा हिस्सा. कोणी किती दिले हे सिद्ध करता आलं नाही, तर दोघांचे हिस्से समान धरले जातात. म्हणजे आज तोंडी ठरलेले 60-40 दहा वर्षांनी 50-50 होऊ शकतात, आणि तेव्हा समोर मित्र नसेल, त्याचे वारस असतील.

सुरुवात बँकेपासून करा, बिल्डिंग बघण्यापासून नव्हे. कर्ज काढायचं असेल तर टोकन देण्याआधी बँकेला लेखी विचारा. पती-पत्नी, आई-वडील आणि मुलगा, सख्खे भाऊ अशा जोड्यांना बँका सहज एकत्र कर्ज देतात. मित्रांच्या जोडीला बहुतेक बँका नाही म्हणतात. ‘मी माझ्या 40 टक्क्यांपुरतं कर्ज घेतो’ असं होत नाही, कारण तारण संपूर्ण फ्लॅटचं लागतं आणि त्यावर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. कर्ज एकाने घेतलं तरी दुसऱ्याचा हिस्सा तारणात जातोच. दोघं सहकर्जदार असाल, तर बँकेच्या लेखी 60-40 असं काही नसतं. एकाने हप्ता चुकवला तर पूर्ण हप्ता दुसऱ्याकडून मागितला जातो आणि सिबिल स्कोअर दोघांचा घसरतो. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं, मग सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस येते. ती पूर्ण फ्लॅटवर येते, चुकवणाऱ्याच्या हिश्श्यापुरती नाही.

कर्जाचं नक्की झालं की दस्ताचा मसुदा. खरेदीखताच्या मजकुरात असं वाक्य हवं: ‘खरेदीदार क्र. 1 यांचा 60 टक्के व खरेदीदार क्र. 2 यांचा 40 टक्के अविभक्त हिस्सा राहील. मोबदल्याची रक्कम दोघांनी याच प्रमाणात आपापल्या बँक खात्यातून दिली आहे.’ त्याखाली चेक किंवा यूटीआर (ऑनलाइन बँक व्यवहाराचा) क्रमांक, तारीख, रक्कम आणि कोणाच्या खात्यातून गेली याचा तक्ता. तयार साच्यात मसुदे करणारे हा भाग गाळतात. तुम्ही तो मागून घ्या. इंडेक्स टूवर (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) फक्त नावं दिसली तरी चालेल, मूळ दस्तात टक्केवारी असली पाहिजे.

खर्चही त्याच प्रमाणात करा. 90 लाखांवर 7 टक्के मुद्रांक म्हणजे 6 लाख 30 हजार, नोंदणी फी 30 हजार. दोन्ही मिळून 6 लाख 60 हजार, त्यातले 3 लाख 96 हजार तुमचे आणि 2 लाख 64 हजार मित्राचे. रेडीरेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत 90 लाखांपेक्षा जास्त निघाली तर मुद्रांक तिच्यावर लागेल, हे टोकन देण्याआधी तपासा. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असल्याने विक्रेत्याचा 1 टक्का टीडीएस कापावा लागतो. ‘प्रत्येकाचा वाटा 50 लाखांच्या आत ठेवला की टीडीएस नाही’ हा सल्ला अजूनही दिला जातो, पण तो चुकीचा आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून सगळ्या खरेदीदारांची रक्कम एकत्र धरूनच मर्यादा मोजली जाते. तुम्ही तुमच्या पॅनवर 54 हजार भरायचे, मित्राने त्याच्या पॅनवर 36 हजार. विक्रेते दोन असतील तर प्रत्येकाची रक्कम आणखी विभागावी लागते. एकानेच सगळे 90 हजार भरले, तर पैसे कोणी दिले याची नोंद तिथेच बिघडते.

दस्ताइतकाच महत्त्वाचा तुम्हा दोघांतला स्वतंत्र सहमालकी करार. तो खरेदीखताच्या आधी किंवा त्याच दिवशी करा, घर ताब्यात आल्यावर कोणालाच तो करायची निकड वाटत नाही. 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून आपसातला पुरावा तयार होतो. पण नोंदणी केली तर पुढे हिस्सा विकत घेणाऱ्या तिऱ्हाइतालाही ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. नोंदणीला मुद्रांक किती, हे मसुद्यातल्या कलमांवर ठरतं. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (मुद्रांक किती लागेल याचा अधिकृत निर्णय) करून घ्या.

या करारात बाहेर पडण्याचा मार्ग नीट लिहा, भांडणं तिथेच होतात. एकाला हिस्सा विकायचा असेल तर त्याने आधी दुसऱ्याला लेखी कळवायचं. किंमत दोघांनी नेमलेल्या दोन नोंदणीकृत मूल्यांककांच्या आकड्यांची सरासरी. घ्यायचं की नाही हे 30 दिवसांत सांगायचं आणि पैसे 90 दिवसांत द्यायचे. दुसऱ्याने नकार दिला तर पूर्ण फ्लॅट बाजारात काढायचा आणि मिळालेली रक्कम 60-40 वाटायची. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. 40 टक्के अविभक्त हिस्सा एकटा विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालंच तर पडत्या भावात.

एकाने दुसऱ्याचे हप्ते भरले तर ते उसने की हिस्सावाढ, हेही लिहा. आमच्या मते उसने धरावेत, ठरलेल्या व्याजासह. हप्ते भरल्याने हिस्सा आपोआप वाढत नाही. तो वाढवायचा तर नोंदणीकृत दस्त आणि मुद्रांक लागतो. सोसायटीचं मासिक बिल, लिफ्टची दुरुस्ती, वीज यांची वाटणी निम्मी-निम्मी करा, कारण वापर सारखाच आहे. मालमत्ता कर, रंगकाम, वॉटरप्रूफिंग मात्र 60-40, कारण त्याचा फायदा किमतीत दिसतो. एकटाच राहणार असेल, तर त्याने दुसऱ्याच्या हिश्श्यापोटी भाडं द्यायचं का आणि किती, तेही ठरवा.

मृत्यूचा विचार नको वाटतो, पण तो केलाच पाहिजे. मित्र गेला तर त्याचे 40 टक्के तुमच्याकडे येत नाहीत, त्याच्या वारसांकडे जातात. दोघांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा आणि आपापल्या कर्जाच्या वाट्याइतका मुदत विमा घ्या. तसं केलं तर घरच्यांवर दुःखात हप्त्याचा भार येत नाही.

आणि एक ताकीद. मित्राचे पैसे नसताना केवळ त्याचं नाव लावायचा विचार असेल तर सोडून द्या. बेनामी व्यवहार कायद्यात पती-पत्नी, मुलं आणि काही अटींवर भाऊ-बहीण, आई-वडील यांच्यासाठी सूट आहे. मित्रासाठी नाही.

प्रश्न: ठाण्यातला फ्लॅट मी आणि मोठ्या भावाने 2014 मध्ये स्वतःच्या पगारातून घेतला. कर्ज फिटलं आहे. दादा आता नाशिकला स्थायिक होतोय आणि त्याचा निम्मा हिस्सा मला द्यायला तयार आहे. एजंट म्हणतो, हक्कसोडपत्र करा, नाममात्र मुद्रांकात होईल.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: एजंट अर्धवट सांगतोय. नाममात्र मुद्रांकातलं हक्कसोडपत्र वडिलोपार्जित, वारसाने आलेल्या मिळकतीसाठी आहे. तुम्ही दोघांनी कमावून घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही. अशा हक्कसोडपत्रावर दादाच्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. नाममात्र मुद्रांकावर दस्त नोंदवला गेला, तरी पुढे तपासणीत फरकाची रक्कम आणि तिच्यावर दंड निघतो. हे बहुधा तुम्ही फ्लॅट विकायला काढता तेव्हा कळतं.

तुमच्यापुढे खरे दोन मार्ग आहेत. दादा पैसे घेणार असेल तर निम्म्या हिश्श्याचं खरेदीखत. फ्लॅटचं मूल्य 80 लाख धरलं तर 40 लाखांवर 7 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. दादाला भांडवली नफ्यावर कर लागेल, मात्र तो दुसऱ्या घरात रक्कम गुंतवून वाचवता येतो. पैसे खरोखरच घेणार नसेल तर बक्षीसपत्र. भावाला दिलेल्या बक्षिसावर 3 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार, आणि त्यावर स्थानिक अधिभार. 200 रुपयांत होणारं बक्षीसपत्र पती-पत्नी, मुलगा-मुलगी, नातवंडं आणि मृत मुलाची पत्नी यांच्यासाठी आहे, भाऊ त्यात नाही. भावाकडून मिळालेल्या बक्षिसावर तुम्हाला आयकर लागत नाही. पण बक्षीसपत्र करून मागून पैसे देऊ नका. बँकेच्या खात्यात ती रक्कम दिसते आणि व्यवहार विक्रीचा ठरतो.

दस्त झाल्यावर सोसायटीत अर्ज करा. हस्तांतर फी 500 रुपये आणि प्रवेश फी 100 रुपये. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे हस्तांतर असेल तर सोसायटीला प्रीमियम घेता येत नाही, आणि आदर्श उपविधींत कुटुंबाच्या व्याख्येत भाऊ येतो. काही ठिकाणी दादाकडून ‘माझं नाव कमी करा’ असं पत्र घेऊन शेअर सर्टिफिकेटवरचं नाव खोडलं जातं. त्याने मालकी बदलत नाही. आधी नोंदणीकृत दस्त, मग सोसायटी.

प्रश्न: कोल्हापुरातला फ्लॅट माझ्या आणि यजमानांच्या नावावर होता, दस्तात हिस्सा लिहिलेला नाही. यजमान गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र नाही. सोसायटीत मी नॉमिनी होते, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर आता माझं एकटीचं नाव आहे. मुलगी 20 वर्षांची, मुलगा 17 चा, सासूबाई आमच्याजवळच असतात. फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाइकाच्या बँकेने कागद परत पाठवले. नाव माझं असताना अडचण काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, बँकेने केलं ते बरोबर आहे, आणि आत्ता अडवलं हे तुमच्या हिताचंच झालं. पती-पत्नीच्या नावावरचं घर एक गेल्यावर आपोआप दुसऱ्याचं होतं, हा समज फार पसरलेला आहे. दस्तात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते होत नाही. कोणी किती पैसे दिले याचा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से समान धरले जातात, आणि यजमानांचा निम्मा हिस्सा वारसाहक्काने वाटला जातो.

हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 नुसार पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलं आणि आई, आणि त्यांना समान वाटा मिळतो. सासूबाईंचा वाटा लोक हमखास विसरतात. तुमच्या घरात चार वारस आहेत, म्हणून यजमानांच्या निम्म्याचे चार भाग, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. तुमचा स्वतःचा निम्मा, म्हणजे चार अष्टमांश, आणि त्यात एक मिळवून पाच अष्टमांश तुमचे. उरलेले तीन मुलगी, मुलगा आणि सासूबाई यांचे. (इतर धर्मीयांसाठी वारसाचे नियम वेगळे आहेत.)

नॉमिनेशनमुळे सोसायटीला व्यवहार कोणाशी करायचा ते कळतं, मालकी ठरत नाही. सहकार कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद म्हटलं आहे. सोसायटीने तुम्हाला कायम सभासद करण्याआधी वारसांचे कागद मागायला हवे होते.

आता करायचं काय? चौघं वारस कोण यावर वाद नसेल, तर सगळ्यांचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना यावर काही बँका समाधान मानतात. काही बँका दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतात. तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली मिळतो. तहसीलदारांचा वारस दाखला पेन्शनसारख्या कामांसाठी असतो. आणि सक्सेशन सर्टिफिकेट ठेवी, शेअर यांच्यासाठी असतं, घरासाठी नव्हे. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलांना नेमका कोणता कागद हवा, ते बँकेकडून लेखी घेऊन या, म्हणजे दोनदा खर्च होणार नाही.

मुलीला आणि सासूबाईंना विक्रीच्या दस्तावर विक्रेत्या म्हणून सही करता येईल. किंवा त्या आपला वाटा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडू शकतात. इथे वाटा वारसाने आलेला असल्याने नाममात्र मुद्रांकाची सवलत लागू होऊ शकते, नोंदणीआधी दुय्यम निबंधकांकडे वारसनातं दाखवून खात्री करा. सासूबाईंकडून सही घेताना त्यांना मजकूर वाचून दाखवा. त्यांनी वाटा सोडला तर नव्या घरात त्यांच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क लिहून द्या. त्या तुमच्याजवळ राहतात हे खरं, पण तुमच्या माघारी त्यांच्या हातात कागद असायला हवा.

खरी अडचण मुलाची आहे. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम 8 नुसार आईलासुद्धा अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाचा स्थावर हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी न घेता विकला, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत मुलगा तो व्यवहार रद्द करून मागू शकतो, म्हणूनच बँका अशा फ्लॅटवर कर्ज देत नाहीत. जिल्हा न्यायालयात अर्ज केला की विक्री मुलाच्या हिताची कशी, हे दाखवावं लागतं, आणि त्याच्या वाट्याची रक्कम बहुधा त्याच्या नावे ठेवीत ठेवायला सांगितली जाते. तुमचा मुलगा सतरा पूर्ण आहे. अर्जाला काही महिने लागतात. पैशांची तातडी नसेल तर त्याचा अठरावा वाढदिवस होऊ द्या आणि चौघांच्या सह्यांनी विका.

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात आजोबांचं चिरेबंदी कौलारू घर आहे. चार चुलत कुटुंबं मुंबई-पुण्यात, गणपतीला सगळे जमतात. घरपट्टी मोठ्या काकांच्या नावावर, काका हयात नाहीत. सातबारावर सतरा नावं. छप्पर बसायला आलंय. मी सहा लाख घालून दुरुस्ती करायला तयार आहे. माझा हिस्सा वाढेल का? आणि घर काकांच्या मुलांचं ठरेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: घरपट्टीवरून मालकी ठरत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. काकांनी कर भरला म्हणून घर त्यांच्या मुलांचं होत नाही, आणि तुम्ही छप्पर घातलं म्हणून तुमचा हिस्साही वाढत नाही. खर्चाचा लेखी हिशेब आणि बाकीच्यांची संमती असेल, तर वाटणीच्या वेळी तो खर्च तुमच्या बाजूने धरून मागता येतो. संमती नसेल तर हौसेने केलेला खर्च म्हणून सोडून द्यावा लागतो.

छपराच्या आधी कागदांना हात घाला. सातबारा, 8अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि आजोबांच्या नावापासूनचे सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा. जुने फेरफार तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. त्यावरून वंशावळ मांडा आणि तिच्यात आत्या धरा. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं सातबारावर नसली, तरी त्यांचा हक्क तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. घर गावठाणात असेल तर स्वामित्व योजनेतल्या मोजणीनंतर मिळकत पत्रिका तयार झाली आहे का आणि तिच्यावर कोणाचं नाव आहे, ते भूमी अभिलेख कार्यालयात बघा. एकाच भावाचं नाव लागून राहिलेलं असतं आणि बाकीच्यांना पत्ता नसतो. घर शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात असेल, तर सातबाराच धरायचा. मयत खातेदारांच्या वारसनोंदी अर्ज करून लावून घ्या. नोटिशीची मुदत 15 दिवसांची असते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

दुरुस्तीसाठी चारही कुटुंबांतून एकेकाची सही असलेलं संमतीपत्र करा. त्यात काय करायचं, अंदाजे खर्च, कोण किती देणार, आणि कोणी आत्ता देऊ शकत नसेल तर त्याची रक्कम त्याच्या नावे उधार राहील, हे लिहा. छप्पर, वासे, चौथरा, ओटी, देवघर, विहीर हे सगळ्यांचं, म्हणून खर्च चारांत. खोलीतली फरशी, संडास-बाथरूम, एसीसाठी वायरिंग ज्याचं त्याचं. ही रेघ आधी ओढली की निम्मे वाद होत नाहीत. कौलांचा हिशेब कंत्राटदारावर सोडू नका. मंगलोरी कौल 100 चौरस फुटांना फुटतूट धरून दीडशेच्या आसपास लागतं. उतरत्या छपराचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रापेक्षा जास्त असतं, म्हणून माप उतारावरून घ्या. जुनी कौलं उतरवताना धड निघालेली मोजून वेगळी रचायला सांगा, ती मागच्या पडवीला चालतात. पैसे दोन सह्यांच्या बँक खात्यातून द्या, आणि गडी-सुतारांच्या रोख मजुरीची वही तारीखवार ठेवा.

कोण कुठली खोली वापरतो, गणपतीचं यजमानपद कोणत्या वर्षी कोणाचं, हे पूर्वीपासून ठरलेलं असेल, तर त्याची नुसती नोंद लिहून सगळ्यांनी सह्या करायला नोंदणी लागत नाही. पण ‘आजपासून ही खोली तुझी, ही माझी’ असा नवा हक्क कागदाने द्यायचा असेल, तर ते वाटणीपत्र झालं आणि त्याची नोंदणी करावीच लागते. चार कुटुंबांचं जमत असेल तर घर एकत्रच ठेवा असं आमचं मत आहे. चिरेबंदी घराच्या मधोमध भिंत घातली की ओटी आणि माजघर दोन्ही निकामी होतात.

प्रश्न: वडिलांच्या बंगल्यात आम्ही दोन भाऊ, एक बहीण समान वारस आहोत. धाकटा भाऊ त्याचा तिसरा हिस्सा बाहेरच्या माणसाला विकतो म्हणतो. विकू शकतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अविभक्त हिस्सा विकू शकतो, पण ‘वरचा मजला’ किंवा ‘पुढची खोली’ असं ठरावीक काही विकू शकत नाही. मात्र कायद्याने घरच्यांना तीन आधार दिले आहेत. वारसाने आलेल्या मिळकतीत हिस्सा विकायचा असेल, तर पहिल्या वर्गातल्या इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे (हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम 22). बाहेरच्याने हिस्सा घेतलाच, तर एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा त्याला मागता येत नाही (हस्तांतरण कायदा, कलम 44). आणि त्याने वाटपाचा दावा केला, तर तुम्ही त्याचा हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला घेऊ शकता (विभाजन कायदा 1893, कलम 4).

वेळ दवडू नका. व्यवहार होण्याआधी वकिलामार्फत भावाला आणि घेणाऱ्याला पोचपावतीसह नोटीस पाठवा, त्यात तुम्ही हिस्सा घ्यायला तयार आहात असं स्पष्ट लिहा आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. दावा दाखल केलात तर त्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. आणि पैशांची तयारी खरी ठेवा. पैसे उभे करता येत नसतील तर हे हक्क असून उपयोग नसतो. मित्रांनी मिळून घेतलेल्या घराला वरचे तिन्ही आधार नसतात, म्हणून चिंचवडच्या वाचकांना आधी घेण्याचा हक्क करारात लिहायला सांगितला आहे.

प्रश्न: पत्नीचं नाव लावलं की मुद्रांक 1 टक्का कमी आणि आयकरात दुप्पट सूट, हे खरं का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: मुद्रांकाची सवलत सगळे खरेदीदार महिला असतील तरच मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलं तर नाही. मायलेकींच्या किंवा दोघी बहिणींच्या नावे घेतलं तर मिळते. पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट 2023 मध्ये काढली आहे.

आयकरात राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकी 2 लाखांपर्यंत वजावट आहे, पण जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. शिवाय दोघंही मालक, दोघंही कर्जदार आणि दोघांच्याही खात्यातून हप्ता जायला हवा. पत्नीचं उत्पन्न नसेल आणि सगळे पैसे तुमचे असतील, तर भाड्याचं उत्पन्नही तुमच्याच नावावर धरलं जाईल. तरीही नाव लावा असंच आम्ही सांगू. तिच्या डोक्यावर छप्पर राहावं हे कारण कराच्या सवलतीपेक्षा मोठं आहे.

प्रश्न: फ्लॅट तिघा भावंडांच्या नावे आहे. सोसायटीच्या सभेत मत कोणाचं?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: फ्लॅटला मत एकच. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव असेल त्याचं, तो गैरहजर असेल तर दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. म्हणून नावांचा क्रम ठरवताना जो प्रत्यक्ष तिथे राहतो त्याचं नाव पहिलं ठेवा. थकबाकीची वसुली मात्र तिघांपैकी कोणाकडूनही होऊ शकते. ‘सहयोगी सभासद’ ही गोष्ट वेगळी आहे. त्यात नाव असलेल्या नातेवाइकाला फ्लॅटमध्ये हिस्सा मिळत नाही.

प्रश्न: आम्ही चार मित्र मुळशीत शेतजमीन घेऊन त्यावर सामाईक घर बांधणार आहोत. चौघांपैकी दोघंच शेतकरी आहेत.
– एक वाचक, पुणे

उत्तर: शेतजमीन घेणारा प्रत्येक जण शेतकरी असावा लागतो (कूळकायदा, कलम 63). दोघांच्या नावे घेऊन बाकी दोघांनी मागून पैसे दिले, तर त्या दोघांच्या हातात काहीच राहत नाही आणि व्यवहार बेनामी ठरण्याचा धोका आहे. मंजूर रेखांकनातला, बिगरशेती आदेश झालेला प्लॉट बघा आणि खरेदीखतात चौघांचे हिस्से लिहा.

प्रश्न: मडगावमध्ये मामेभावाबरोबर फ्लॅट घेतोय, विक्रेते गोव्याचे आहेत. महाराष्ट्रापेक्षा वेगळं काही बघायचं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: हो. गोव्याच्या कायद्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर पती-पत्नीची मिळकत सामाईक असते. म्हणून फ्लॅट एकाच्याच नावावर असला तरी त्याच्या पत्नीची किंवा पतीची सही विक्रीच्या दस्तावर लागते. विक्रेत्याच्या लग्नाच्या नोंदीचा उतारा मागा. मिळकत वारसाने आलेली असेल, तर वारसांची इन्व्हेंटरी प्रक्रिया (मिळकतीची यादी करून वारसांत वाटणी) पूर्ण झाल्याचा आदेश बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.